निरीक्षण कोणाचे? उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञान-अध्यापनाची चिकित्सा : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या संदर्भात

प्रस्तावना

इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्याच्या विज्ञानाच्या वहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली जे लिहिलेले असते, ते पुष्कळदा त्याने पाहिलेले नसते. ते पाठ्यपुस्तकातून अथवा फळ्यावरून उतरवून घेतलेले असते. त्यामुळे एकाच वर्गातील पन्नास वह्यांमध्ये निरीक्षण शब्दशः सारखे आढळते आणि त्याखालील अनुमानही सारखेच असते. शाळांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विसंगती आहे, असे कोणास वाटत नाही. वस्तुतः पन्नास मुलांनी एकच वस्तू पाहिली तरी त्यांच्या नोंदींत थोडाबहुत फरक पडावयास हवा. हा फरक का पडला, कोणाची नोंद अधिक विश्वसनीय आणि ते कसे ठरवावे, या प्रश्नांपासूनच विज्ञानाची सुरुवात होते. जेथे फरकच पडत नाही तेथे निरीक्षण झालेले नाही, असे मानावे लागते.

प्रस्तुत लेखात प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरावरील, विशेषतः इयत्ता सहावी ते आठवीच्या विज्ञान-अध्यापनाची चिकित्सा या एकाच अंगाने केली आहे. पाठ्यपुस्तकातील निरीक्षण कोणाचे असते, हा तो प्रश्न होय. या चिकित्सेसाठी ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही मध्य रेल्वेवरील सलग तीन शहरे संदर्भ म्हणून घेतली आहेत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून उल्हासनगर उभे राहिले व १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. अंबरनाथ हे इ. स. १०६० च्या शिवमंदिराचे आणि कारखान्यांचे गाव आहे. बदलापूर हे उल्हास नदीकाठचे, जांभळांसाठी ओळखले जाणारे व गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढलेले शहर आहे. नदी, कारखाने, पाऊस आणि अनेक भाषा या तिन्ही ठिकाणी एकत्र आल्या असल्यामुळे विज्ञानाच्या पुस्तकातील अनेक पाठ येथे शाळेच्या कुंपणाबाहेरच उभे आहेत. तरीही ते वर्गात फारसे येत नाहीत. याची कारणे शोधणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. पाठ्यपुस्तकातील कृती : गुण आणि उणीव

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच 'बालभारती'ची स्थापना १९६७ मध्ये झाली. मंडळाची 'सामान्य विज्ञान' ही पाठ्यपुस्तके सहावीसाठी २०१६, सातवीसाठी २०१७ व आठवीसाठी २०१८ मध्ये नव्याने आली. आधीच्या पुस्तकांच्या तुलनेत त्यांनी साधलेली प्रगती मान्य करणे न्याय्य ठरेल. छपाई रंगीत आहे, चित्रे मुबलक आहेत आणि 'करून पहा', 'सांगा पाहू', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी पानोपानी आहेत. सुचविलेल्या बहुतेक कृतींना लागणारे साहित्य घरात किंवा वाण्याच्या दुकानात मिळते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये शालेय ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडण्याचा जो आग्रह धरलेला होता, त्याची छाया या पुस्तकांवर स्पष्ट दिसते.

उणीव कृतींच्या संख्येत नाही, त्यांच्या मांडणीत आहे. 'करून पहा' या चौकटीत कृती सांगितली जाते आणि लगोलग, पुष्कळदा त्याच पानावर, तिचा परिणाम व त्यामागील तत्त्व छापलेले असते. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींच्या अंतरावर आहे त्यासाठी कोणता विद्यार्थी पातेले, मेणबत्ती आणि पाणी गोळा करील? शिक्षकापुढील व्यवहारही असाच आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, पुढे उरलेले पाठ आणि वर्गातील मुलांची संख्या यांचा हिशेब केला की कृती 'वाचून दाखविणे' हाच सोपा मार्ग उरतो. शिक्षकाला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण कृती न करताही पाठ पूर्ण होतो, अशी पुस्तकाची रचनाच आहे.

पाठाच्या शेवटी स्वाध्यायानंतर 'उपक्रम' दिलेला असतो. परिसरात हिंडून माहिती मिळवावी, एखाद्या संस्थेला भेट द्यावी, असे त्याचे स्वरूप असते. परिसराचा प्रवेश होतो तो येथे, म्हणजे पाठ संपल्यावर आणि परीक्षेच्या कक्षेबाहेर. परिणामी परिसर हा विज्ञानाचा आधार न राहता त्याची पुरवणी बनतो.

याच संदर्भात अलीकडील एक घटना उल्लेखनीय आहे. २०२३–२४ या शैक्षणिक वर्षापासून राज्याने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत मुलांनी टिपणे लिहावीत म्हणून कोरी पाने समाविष्ट केली आणि २०२५ मध्ये ती मागे घेतली. दप्तराचे ओझे, वहीची गरज, कागदाचा खर्च या अंगांनी त्या निर्णयाची चर्चा झाली. विज्ञान-शिक्षणाच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न विचारावयास हवा होता. ज्या पुस्तकात प्रत्येक कृतीचे उत्तर आधीच छापलेले आहे, त्याला जोडलेल्या कोऱ्या पानावर मुलाने लिहावयाचे तरी काय? पान कोरे होते, पण त्यावर येण्याजोगे मुलाचे स्वतःचे असे काही पुस्तकाने शिल्लक ठेवले नव्हते.

२. पूर्वपरंपरा : उत्तर न छापण्याचा प्रयोग

मुलाच्या स्वतःच्या नोंदीवर विज्ञान उभे करण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवीन नाहीत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडला नेलेले काम हे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातलेच आहे. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या कुरणात जावे, हा त्यामागचा विचार होता. कुरणातील गवत, पाखरे, पाणी हीच तेथील शिक्षणसामग्री होती.

उच्च प्राथमिक विज्ञानाच्या बाबतीत सर्वांत दीर्घ आणि शिस्तबद्ध प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' १९७२ मध्ये किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा माध्यमिक शाळांत सुरू केला. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला आणि १९८२ पासून त्याची धुरा 'एकलव्य' संस्थेने सांभाळली. सहावी ते आठवीच्या मुलांनी गटागटाने प्रयोग करावेत, प्रत्येक गटाने आपली नोंद मांडावी, नोंदींतील तफावतीची वर्गात चर्चा व्हावी आणि निष्कर्ष मुलांनीच लिहावा, अशी त्याची पद्धत होती. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रयोग व प्रश्न होते. उत्तरे मात्र मुलांच्या वहीत तयार होत असत. पुस्तक व वही उघडी ठेवून परीक्षा देण्याची मुभा होती. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तो बंद पडला म्हणून तो फसला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शासकीय शाळांतील सामान्य शिक्षकांच्या बळावर तो तीस वर्षे चालला, हीच त्याच्या व्यवहार्यतेची साक्ष आहे.

महाराष्ट्रात १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक इयत्तांसाठी डॉ. जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने 'स्मॉल सायन्स' ही पुस्तकमाला तयार केली व ती मराठीतही उपलब्ध झाली. पाठ्यपुस्तक, कृतिपुस्तक आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र पुस्तिका अशी तिची रचना आहे. मुलांनी मोजावे, चित्र काढावे, प्रश्न विचारावेत यासाठी कृतिपुस्तकात जागा राखलेली आहे आणि शिक्षकाला लागणारी मदत त्याच्या पुस्तिकेत आहे. मुलाचे पुस्तक आणि शिक्षकाचे पुस्तक वेगळे करण्यात वरील प्रश्नाचे एक साधे उत्तर दडलेले आहे. शिक्षकाला आधार द्यावयाचा असेल तर तो त्याच्या पुस्तिकेत द्यावा, मुलाच्या पुस्तकात उत्तर छापण्याचे कारण नाही.

३. भाषेचा अडसर

होमी भाभा केंद्राने आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात काम केले. प्रा. वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान-शिक्षणातील भाषेच्या अडसराकडे तेव्हापासून सातत्याने लक्ष वेधले. विज्ञान अवघड वाटते त्यात विषयाचा वाटा किती आणि पुस्तकी भाषेचा किती, हे वेगळे करून पाहावयास हवे, हा त्या विचाराचा गाभा होय.

या अडसराचा एक प्रकार सर्वश्रुत आहे. संप्लवन, अभिसरण, आम्लारी असे शब्द मुलाच्या कानाला नवे असतात. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. काही शब्द ओळखीचे असतात, पण त्यांचा पुस्तकातील अर्थ वेगळा असतो. सातवीच्या 'गती, बल व कार्य' या पाठाचे उदाहरण घेता येईल. मराठी घरात 'कार्य' म्हणजे लग्न किंवा मुंज. पुस्तकात बल लावून वस्तूचे विस्थापन झाले तरच कार्य होते. डोक्यावर ओझे घेऊन तासभर नुसता उभा राहिलेला हमाल भौतिकशास्त्राच्या हिशेबी त्या ओझ्यावर काहीच कार्य करीत नाही, हे ऐकून ज्याच्या घरी अंगमेहनतीवर पोट चालते त्या मुलाला ते अन्यायाचे वाटणे स्वाभाविक आहे. 'चाल' या शब्दाचेही तसेच आहे. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल असते. गाडीच्या बाबतीत मराठी माणूस 'वेग' म्हणतो आणि पुस्तक मात्र चाल व वेग यांत भेद करते. उल्हासनगरसारख्या शहरात तर ज्याच्या घरी सिंधी किंवा हिंदी बोलली जाते असे मूल मराठी माध्यमाच्या वर्गात बसलेले असते. त्याच्यापुढे हा अडसर दुहेरी असतो.

व्याख्या पुन्हापुन्हा घोकल्याने हा अडसर दूर होत नाही. शब्दाच्या आधी अनुभव यावा लागतो. अंबरनाथ ते बदलापूर हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ८ किलोमीटर आहे. लोकलला हे अंतर कापण्यास १० मिनिटे लागली तर तिची सरासरी चाल ताशी ४८ किलोमीटर होते. सकाळी बदलापूरहून अंबरनाथला जाऊन संध्याकाळी परतलेल्या प्रवाशाने कापलेले अंतर १६ किलोमीटर भरते, विस्थापन मात्र शून्य. पालकाच्या हातातील घड्याळावर हे मोजलेल्या मुलाला चाल, अंतर आणि विस्थापन हे तीन शब्द निराळे का ठेवावे लागतात, हे समजते. शिवाय त्याच्या १० मिनिटांऐवजी दुसऱ्याला ९ किंवा १२ मिनिटे का लागली, हा पुस्तकात नसलेला प्रश्न वर्गात उभा राहतो.

४. परिसर म्हणजे न छापलेले उत्तर

परिसराधिष्ठित शिक्षणाचे समर्थन सामान्यतः दोन कारणांनी केले जाते. परिसर मुलाच्या ओळखीचा असतो आणि त्यामुळे गोडी निर्माण होते. ही कारणे खरी असली तरी दुय्यम आहेत. परिसराचे खरे मोल असे की त्याविषयीचे उत्तर कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते. पुण्यात तयार झालेल्या पुस्तकाला बदलापुरात काल किती पाऊस पडला, हे सांगता येत नाही. ते फक्त बदलापूरच्या मुलालाच सांगता येते आणि त्यासाठी त्याला मोजावेच लागते. पुढील तीन उदाहरणांतून हे स्पष्ट होईल.

(अ) जांभूळ

आठवीच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी ओळख' हा बारावा पाठ आहे. लिटमसचा रंग कशात कोणता होतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, मग त्याने लिटमस पाहिलेला असो वा नसो. जांभळाच्या सालीतील जांभळे रंगद्रव्य अँथोसायनिन या वर्गातील असून ते नैसर्गिक दर्शकाचे काम करते. लिंबाच्या रसात ते लालसर होते आणि खाण्याच्या सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्यात निळसर-हिरवट छटेकडे झुकते. ही छटा द्रावण किती तीव्र आहे, जांभूळ किती पिकलेले आहे आणि किती वेळ गेला आहे, यांवर अवलंबून असल्याने प्रत्येक गटाचा रंग थोडा निराळा येतो. लिटमसबाबत 'चूक की बरोबर' एवढाच प्रश्न असतो. जांभळाबाबत मात्र 'तुझा रंग वेगळा का आला' असे विचारावे लागते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. जांभूळ पिकते मे-जूनमध्ये आणि हा पाठ येतो दुसऱ्या सत्रात. जूनमध्ये शाळा उघडताच जांभळाच्या रसात कागदाच्या पट्ट्या बुडवून, सावलीत वाळवून, बंद डब्यात ठेवल्यास हा प्रश्न सुटू शकतो. पाच-सहा महिन्यांनी पट्टीचा रंग किती फिका पडतो आणि ती कितपत काम देते, हादेखील एक प्रयोगच आहे. अभ्यासक्रमाचा क्रम आणि निसर्गाचा क्रम सारखा नसतो, हे राज्यभरासाठी केलेल्या नियोजनात सहज निसटून जाते.

(ब) पाऊस

'आपत्ती व्यवस्थापन' हा विषय सहावी, सातवी व आठवी या तिन्ही इयत्तांत आहे. पुराची कारणे, परिणाम आणि घ्यावयाची दक्षता मुले तीन वर्षे लिहितात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात उल्हास नदीकाठच्या वस्त्याही बुडाल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना सोडवावे लागले. बदलापूरच्या अनेक घरांत या दोन तारखा बोलण्यात येतात. पण ९४४ मिलिमीटर म्हणजे नेमके काय, हे किती मुलांना सांगता येईल?

पर्जन्यमापक घरी करता येतो. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापावी आणि कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवावा. तळ असमान असल्याने तळाशी खडे व पाणी घालून शून्याची रेघ आखावी आणि तेथून वर मिलिमीटरच्या खुणा कराव्यात. नरसाळ्याचे तोंड आणि बाटलीची रुंदी सारखीच असल्यामुळे पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ९४४ मिलिमीटर पाऊस दहा चौरस मीटरच्या छपरावर ९,४४० लिटर पाणी ओततो. हा गुणाकार स्वतः केलेल्या मुलाच्या मनात 'अतिवृष्टी' हा शब्द कायमचा बसतो. पुढचा प्रश्नही तेच मूल विचारते. बाटलीत २५० मिलिमीटरच मावत असतील तर अशा दिवशी काय करावयाचे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील एकेका शाळेने जून ते सप्टेंबर रोज ठरलेल्या वेळी ही नोंद घेऊन महिन्याअखेरीस एकमेकींना पाठविली तर तिन्ही आकडे सारखे येतात की नाहीत, हे दिसेल. नाही आले तर कारण डोंगरात आहे, बाटलीत आहे की नोंद करणाऱ्यात आहे, हे तपासावे लागेल. मापनातील त्रुटी ही कल्पना याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही.

(क) वालधुनी

अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरात उगम पावणारी वालधुनी शिवमंदिराला लागून वाहते, अंबरनाथ व उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी तिच्यात मिसळत आले असून वालधुनी व उल्हास यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. आठवीच्या 'प्रदूषण' या पाठाचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. तरीही वर्गात जलप्रदूषणाची कारणे चार आणि उपाय पाच, अशा क्रमांकित स्वरूपात हा पाठ संपतो.

या पाण्याला मुलांनी हात लावू नये, हे निर्विवाद आहे. परंतु पुलावरून पाहण्यासाठी हात लावावा लागत नाही. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, फेस, वास, आदल्या दिवशी पाऊस पडला होता की नाही, इतक्या सहा रकान्यांचा तक्ता पुरेसा आहे. शिक्षकाने योग्य काळजी घेऊन पाणी पारदर्शक, उंच भांड्यात आणल्यास तळाखाली ठेवलेली काळी खूण किती खोलीपर्यंत दिसते, यावरून गढूळपणाची तुलना करता येते. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात, शिवमंदिराच्या वरच्या बाजूला आणि उल्हासनगरात, रविवारी आणि कामाच्या दिवशी अशा तुलना मुलांना आपोआप सुचतात. जीन्स किंवा रसायनांच्या कारखान्यात पालक काम करीत असल्यास रंग, धुलाई आणि रसायने यांविषयीची माहिती मुलाच्या घरातच असते. पाठ्यपुस्तक ती कधी विचारीत नाही. ती वर्गात आली तर एक अवघड गोष्टही समोर येईल. ज्या उद्योगाने घर चालते त्याच उद्योगाचे पाणी नदीत जाते. हा पेच निबंधातील उपदेशाने सुटणारा नाही, पण तो दडवून प्रदूषण शिकविणे हेही प्रामाणिकपणाचे नाही.

५. मूल्यमापन : खरी कळ येथे आहे

शाळेत काय शिकविले जाईल हे अखेर परीक्षेत काय विचारले जाईल यावर ठरते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांद्वारे शिक्षणाचा स्पष्ट निर्देश आहे. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम व प्रकल्प यांना स्थान मिळाले. कागदावर ही व्यवस्था पुरोगामी होती. प्रत्यक्षात प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेली छापील चित्रे चिकटविलेली वही किंवा पालकांनी केलेली थर्माकोलची प्रतिकृती, अशी त्याची ओळख झाली. २०२३–२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा परतल्याने लेखी उत्तराचे वजन पुन्हा वाढले.

शाळेबाहेरील व्यासपीठांवर वेगळे चित्र दिसते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृती-संशोधन प्रकल्प करावा लागतो. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही स्थानिक प्रश्नावरील प्रकल्प अपेक्षित असतो. या उपक्रमांचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्यांत स्वतः निरीक्षण करण्याची संधी निवडक मुलांपर्यंतच पोहोचते. स्वतः पाहणे हा हुशार मुलाला मिळणारा बहुमान ठरतो आणि उरलेल्यांच्या वाट्याला दुसऱ्याने पाहिलेले पाठ करणे येते. ही विभागणी विज्ञानाच्या स्वभावाला धरून नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक सत्राच्या परीक्षेत किमान एक प्रश्न विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नोंदवहीवर असावा आणि तो वही उघडी ठेवून सोडविण्याची मुभा असावी. जुलैतील सर्वाधिक पावसाचा दिवस कोणता, त्याची नोंद शेजारच्या गटाच्या नोंदीशी जुळते का, न जुळल्यास संभाव्य कारण काय, अशा प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक पुस्तकातून मिळत नाही आणि दोन मुलांचे उत्तर सारखेही येत नाही. गुण आकड्याला न देता आकडा कसा मिळविला, याला द्यावेत. होशंगाबादच्या अनुभवाने हे शक्य असल्याचे दाखविले आहे.

६. आक्षेपांचा विचार

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की राज्यभरासाठीचे पुस्तक प्रत्येक गावाचे उदाहरण देऊ शकणार नाही. हे मान्यच आहे आणि तशी अपेक्षाही नाही. पुस्तकाने वालधुनीचे नाव घ्यावे असे नसून गावच्या पाण्याविषयीचा तक्ता रिकामा सोडावा आणि पुढील पाठात त्या तक्त्याचा उपयोग करावा, एवढेच म्हणणे आहे. सिंधीसह अनेक भाषांत निघणाऱ्या पुस्तकांत रिकामा तक्ता हीच एक गोष्ट अशी आहे की जिचे भाषांतर करावे लागत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा व वर्गसंख्येचा. हा गंभीर आहे. अधिनियमाने उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरविले असले तरी वाढत्या शहरांतील अनेक वर्ग त्याहून मोठे असतात. म्हणूनच वर सुचविलेल्या नोंदी रोज दोन-तीन मिनिटांत, पाळीपाळीने एकेका गटाने घेण्याजोग्या आहेत. मुलांनी खरोखर केलेल्या तीन कृती, वाचून दाखविलेल्या तीस कृतींपेक्षा अधिक शिकवून जातात. पाठांची संख्या थोडी कमी करण्याचे धैर्य मात्र अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांना दाखवावे लागेल.

तिसरा आक्षेप असा की मुलांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल तर? तो असणारच. चूक दुरुस्त करण्यासाठी पुन्हा मोजणे हा विज्ञानाचा मार्ग असून त्यासाठी शिक्षक वर्गात आहे. छापील उत्तरामुळे चूक टळते हे खरे, पण दुरुस्तीची सवयही त्याबरोबर टळते.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असून २०२५–२६ पासून पहिलीपासून त्याचा आरंभ झाला आहे. उच्च प्राथमिक स्तरावरील विज्ञानाची पुस्तके या क्रमात नव्याने लिहिली जात असताना अधिक चित्रे, अधिक चौकटी व अधिक संगणकीय दुवे यांची भर पडणे सोपे आहे. कसोटी वेगळी आहे. मुलाने मोजल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही, अशी किती पाने त्या पुस्तकात असतील?

हा प्रश्न केवळ अध्यापनतंत्राचा नाही. वालधुनीकाठच्या रहिवाशाला नदीविषयी विचारले तर तो 'पाणी नेहमीच असे असते' असे सांगतो. चौकशीच्या टेबलावर 'नेहमीच' या शब्दाला फारशी किंमत नसते. अमुक तारखेला, अमुक वेळी, पाऊस नसताना पाणी अमुक रंगाचे होते, या वाक्याला ती असते. पहिले वाक्य बोलणारा आणि दुसरे लिहिणारा यांच्यातील फरक आठवीच्या वहीतच पडतो. ज्या मुलाने तीन वर्षे दुसऱ्याचे निरीक्षण आपल्या अक्षरात उतरविले, तो मोठेपणी आपल्या शहराविषयीही दुसऱ्याचेच निरीक्षण मान्य करील. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या शाळांना प्रयोगशाळेसाठी फार दूर जावे लागणार नाही. नदी पुलाखाली आहे, पाऊस दरवर्षी येतो आणि जांभळे जूनमध्ये दारात विकावयास येतात. वहीतील 'निरीक्षण' हा मथळा तेवढा मुलाच्या हवाली करावयाचा आहे.